कोणत्या साली, कोणत्या कागदावर

22 फेब्रुवारी 1951 रोजी न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये लेनर्ड बर्नस्टाइन यांनी चार्ल्स आइव्जची दुसरी सिंफनी पहिल्यांदा लोकांसमोर आणली. रचनाकार तेव्हा 76 वर्षांचा होता आणि सिंफनी त्याच्या तरुणपणातली. कार्यक्रमाला तो गेला नाही. पुढे ती रेडिओवर लागली तेव्हा त्यानं ऐकली. या सिंफनीची चाल बहुतेक वेळ ब्राम्स आणि द्वोर्झाक यांच्या वळणाची आहे. मधूनमधून अमेरिकन गावांतली गाणी, चर्चमधली स्तोत्रं, स्टीफन फॉस्टरच्या चाली डोकावतात. शेवटाकडे सगळं उधाणाला येतं, छावणीत सैनिकांना पहाटे उठवणारी बिगुलाची हाक ऐकू येते, आणि आता नेहमीसारखा गोड, भरघोस समारोप होणार असं वाटत असतानाच सगळा वाद्यवृंद अकरा वेगवेगळे सूर एकाच वेळी आदळतो. सप्तकातल्या बारा सुरांपैकी एकच काय तो सुटतो.

अनेक वर्षं श्रोत्यांनी आणि समीक्षकांनी या आघाताचा एकच अर्थ लावला. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, युरोपात अजून कुणाचं धाडस झालेलं नसताना, कनेटिकटमधल्या एका तरुणानं सगळ्या सभ्य संगीताला असा धक्का दिला, असा. पण हस्तलिखितं उलगडत गेली तशी गोष्ट वेगळी निघाली. मूळ लेखनात हा अकरा सुरांचा आघात नाही. तिथला शेवट चारचौघांसारखा, व्याकरणशुद्ध आहे. 1950च्या सुमाराला, सिंफनी छापायला द्यायची वेळ आली तेव्हा, पंचाहत्तरीच्या घरातल्या आइव्जनं तो घातला. ज्या क्षणाकडे बोट दाखवून लोक ‘बघा, किती आधी!’ म्हणत होते, तोच त्या सिंफनीतला सर्वांत उशिराचा क्षण होता.

या पुस्तकाचा विषय त्या एका आघातात आला आहे. आइव्जचं चरित्र इंग्रजीत अनेकांनी लिहिलं आहे आणि उत्तम लिहिलं आहे. मला लिहायचं होतं ते त्याच्यावर झालेल्या संशोधनाविषयी. एका माणसाच्या कागदांच्या ढिगाऱ्यातून अभ्यासकांनी त्याचं संगीत कसं वर काढलं, त्याच्या शब्दावर कसा विश्वास ठेवला, तो विश्वास कसा तुटला, आणि तुटल्यावर काय हाती लागलं, याविषयी. संगीताच्या अभ्यासात इतकी चुरस, इतका राग आणि इतकी चिकाटी एका माणसाभोवती क्वचितच गोळा झाली असेल.

माणूस कोण होता ते आधी सांगायला हवं. चार्ल्स आइव्जचा जन्म 20 ऑक्टोबर 1874 रोजी कनेटिकट राज्यातल्या डॅनबरी गावी झाला. वडील जॉर्ज आइव्ज यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेत बँडमास्तर होते. युद्धानंतर गावात बँड चालवायचा, वाद्यं शिकवायची, चर्चमध्ये वाजवायचं असं त्यांचं आयुष्य. गावातल्या प्रतिष्ठित आइव्ज कुटुंबात संगीताला पोटापाण्याचा धंदा म्हणून फारशी किंमत नव्हती. जॉर्जना आवाजाचं वेड होतं. पाव सुरांचे प्रयोग, एका पट्टीत गायचं आणि दुसऱ्या पट्टीत साथ करायची असे कान तयार करण्याचे खेळ, हे सगळं मुलानं पुढे वारंवार सांगितलं. 1894 साली चार्ल्स येल विद्यापीठात दाखल झाला आणि काही आठवड्यांतच, नोव्हेंबरमध्ये, वडील गेले. येलमध्ये होरेशिओ पार्कर यांच्या हाताखाली तो शिकला. 1898मध्ये पदवी घेऊन न्यू यॉर्कला आला आणि म्युच्युअल लाइफ या विमा कंपनीत लागला. चर्चमधली ऑर्गनवादकाची नोकरी 1902पर्यंत चालली. त्या वर्षी ‘द सिलेस्टियल कंट्री’ हे त्याचं समूहगायन सादर झालं, आणि त्यानंतर संगीतावर पोट भरण्याचा नाद त्यानं सोडला.

त्याच्या विम्याच्या धंद्याकडे चरित्रकार गंमत म्हणून बघतात, ते मला पटत नाही. ज्यूलियन मायरिक या सहकाऱ्याबरोबर त्यानं उभी केलेली ‘आइव्ज अँड मायरिक’ ही एजन्सी अमेरिकेतल्या मोठ्या एजन्सींमध्ये गणली गेली. एजंटांना शिकवण्यासाठी त्यानं वर्ग काढले, आणि कुटुंबाला नेमक्या किती रकमेचा विमा लागतो याचा हिशेब कसा मांडायचा यावर लिहिलेली त्याची पुस्तिका धंद्यात अनेक वर्षं वाचली जात होती. 1905मध्ये न्यू यॉर्क राज्याच्या विधिमंडळानं विमा कंपन्यांच्या गैरकारभाराची चौकशी केली. त्या तडाख्यात त्याची कंपनीही होती. त्यानंतरच्या वर्षांत आइव्ज विम्याविषयी ज्या भाषेत बोलू लागला, ती माणसांनी एकमेकांचा भार वाहण्याची, जवळजवळ धर्माची भाषा आहे. 1908मध्ये हार्मनी ट्विचेल हिच्याशी त्याचं लग्न झालं. दिवसभर कचेरी, आणि संध्याकाळी, रात्री, सुट्टीच्या दिवशी संगीत, असा क्रम साधारण वीस वर्षं चालला. 1918च्या शरदात तो गंभीर आजारी पडला. मग घाई झाली. ‘कॉन्कॉर्ड सोनाटा’ आणि त्याच्या जोडीचं निबंधांचं पुस्तक 1920 सालचं, 114 गाण्यांचा संग्रह 1922चा. छपाई सगळी पदरमोड करून, आणि मागितल्याशिवायच लोकांना पाठवलेली. 1926-27च्या सुमाराला नवं लिहिणं थांबलं. हार्मनीनं पुढे सांगितलं ते असं, की एके दिवशी तो डोळ्यांत पाणी आणून माडीवरून खाली आला आणि म्हणाला, आता काहीच बरोबर वाजत नाही.

जग त्याच्याकडे वळलं ते यानंतर. हेन्री कॉवेल यांनी 1929मध्ये चौथ्या सिंफनीचा दुसरा भाग छापला. निकोलस स्लोनिम्स्की यांनी 1931मध्ये ‘थ्री प्लेसेस इन न्यू इंग्लंड’ न्यू यॉर्कला आणि नंतर पॅरिसला वाजवलं. जॉन कर्कपॅट्रिक यांनी ‘कॉन्कॉर्ड सोनाटा’वर अनेक वर्षं मेहनत घेतली आणि 20 जानेवारी 1939 रोजी न्यू यॉर्कच्या टाउन हॉलमध्ये ती संपूर्ण वाजवली. तिसऱ्या सिंफनीला 1947मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळालं. चौथी सिंफनी पूर्ण वाजायला 1965 उजाडलं. लिओपोल्ड स्टोकोव्स्कींना तिच्यासाठी आणखी दोन संचालक मदतीला घ्यावे लागले. आइव्ज 19 मे 1954 रोजीच गेला होता.

आता तारखांकडे. शोनबर्गनं पट्टीचं बंधन 1908-09च्या सुमाराला सोडलं. स्ट्राविन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’वरून पॅरिसमध्ये गोंधळ झाला तो 1913 साली. आइव्जच्या हस्तलिखितांवर त्यानंच घातलेली सालं बघितली तर दोन पट्ट्या एकत्र, दोन लयी एकत्र, पाव सूर, मुठीनं दाबलेले सुरांचे झुबके हे सगळं त्याच सुमाराला किंवा त्याच्याही आधी, आणि तेही युरोपातल्या या संगीताची कसलीही माहिती नसलेल्या माणसाकडून झालेलं दिसतं. अमेरिकेला हे किती हवंहवंसं वाटलं असेल! दीडशे वर्षं युरोपकडून उसनं घेतलं अशी ज्या संगीताची स्वतःविषयी समजूत होती, त्याला घरचा, स्वयंभू, आणि वर सगळ्यांच्या आधीचा पुरुष सापडला. हेन्री आणि सिडनी कॉवेल यांचं 1955चं चरित्र याच आनंदात लिहिलेलं आहे. 1974च्या जन्मशताब्दीपर्यंत ही कथा पाठ्यपुस्तकात जाऊन बसली होती.

शंका मात्र आधीपासून होती, आणि ती घरच्याच माणसाची. एलियट कार्टर हे पुढे मोठे झालेले संगीतकार. तरुणपणी त्यांची आणि आइव्जची ओळख होती, आइव्जनं त्यांना हार्वर्डसाठी शिफारसपत्रही दिलं होतं. कर्कपॅट्रिक यांच्या 1939च्या त्या कार्यक्रमानंतर कार्टर यांनी परखड परीक्षण लिहिलं आणि त्यात जाता जाता नोंदवलं, की आइव्ज जुन्या रचनांवर सतत हात फिरवत असतो, त्यामुळे त्यातलं किती कधीचं हे सांगता येणं अवघड आहे. तीस वर्षांनी, व्हिव्हियन पर्लिस आइव्जला ओळखणाऱ्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करत फिरत होत्या, तेव्हा कार्टर यांनी पाहिलेलंच सांगितलं. आइव्ज जुन्या स्वरलिपीवर बसून साधे मेळ विसंवादी करत होता. पर्लिस यांचं ते काम पुढे येल विद्यापीठातल्या अमेरिकन संगीताच्या मौखिक इतिहासाच्या संग्रहाचं मूळ ठरलं.

मग 1987 उजाडलं. बेटहोफनचे चरित्रकार म्हणून नावाजलेले मेनार्ड सॉलोमन यांनी अमेरिकन म्यूझिकॉलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आइव्जच्या सचोटीविषयी प्रश्न उपस्थित करणारा लेख छापला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हस्तलिखितांवरची सालं पुष्कळदा नंतर घातलेली आहेत, काही खोडून मागची केलेली आहेत, आणि यामागे आपण सर्वांत आधी होतो हे दाखवण्याची पद्धतशीर खटपट आहे. वडिलांविषयीच्या कथाही त्यांनी संशयाच्या पिंजऱ्यात उभ्या केल्या. ज्यांचं आयुष्य आइव्जवर गेलं होतं त्यांना हा घाव वाटला. वर्तमानपत्रांनी सरळ लबाडीचाच मथळा दिला.

सॉलोमन यांचा निष्कर्ष पुढे टिकला नाही, तरी त्यांचा लेख मला फार महत्त्वाचा वाटतो. तोपर्यंत आइव्जच्या रचनांचा कालक्रम हा मुख्यतः आइव्जच्या स्मरणशक्तीवर उभा होता. कर्कपॅट्रिक यांनी आइव्जच्या मृत्यूनंतर त्याचे विस्कळीत कागद पानापानानं लावले. एकाच रचनेची पानं वेगवेगळ्या गठ्ठ्यांत, एका पानाच्या पाठीवर दुसऱ्याच रचनेचा तुकडा, कडेला टेलिफोन नंबर, पत्ते, शिव्या, विनोद, नकलाकाराला सूचना. त्यातून त्यांनी 1960मध्ये सूची पूर्ण केली. तिला नाव दिलं ‘तात्पुरती’ सूची, आणि ती चाळीसेक वर्षं सगळ्यांनी वापरली. कर्कपॅट्रिक यांचं ऋण फेडता येण्यासारखं नाही. पण आइव्ज ज्या साली म्हणतो त्या साली ती रचना झाली, हे त्यांना बहुधा धरून चालावं लागे. सॉलोमन यांनी ते धरून चालणं बंद पाडलं.

उत्तरं लगेच आली. पीटर बर्कहोल्डर आणि फिलिप लँबर्ट यांनी लेखातून प्रतिवाद केला. कॅरल बॅरन यांनी अक्षराच्या वळणावरून काळ ठरवण्याचा प्रयत्न केला. पण खरं जिकिरीचं काम केलं ते गेल शेरवूड यांनी. नंतरची पुस्तकं त्यांनी गेल शेरवूड मॅगी या नावानं लिहिली. 1990च्या दशकात येलमध्ये प्रबंध लिहिताना त्यांनी विचारलेला प्रश्न अगदी साधा आहे. हे पान ज्या कागदावर लिहिलं तो कागद बाजारात आला कधी?

ही पद्धत जवळून बघण्यासारखी आहे. आइव्ज पाच रेघांच्या ओळी छापलेला तयार कागद विकत आणत असे. वेगवेगळ्या कंपन्यांचे कागद, आणि एकाच कंपनीच्या कागदाचे वेगवेगळे छाप. एका पानावर ओळी किती, दोन ओळींत अंतर किती, कंपनीची खूण कुठे आणि कशी छापली आहे, यावरून कागदाचे प्रकार ठरवता येतात. ज्या कागदांचा काळ बाहेरच्या पुराव्यानं पक्का आहे, म्हणजे येलमधला अभ्यास, तारखेनिशी झालेले कार्यक्रम, पत्रव्यवहार, त्यांची आधी मांडणी करायची. त्यातून एखादा छाप ज्या वर्षी पहिल्यांदा दिसतो त्या वर्षापूर्वी त्या कागदावर कुणी लिहू शकत नाही, ही एक भक्कम सीमा मिळते. मग अक्षर. सुराचं डोकं भरण्याची पद्धत, दांडी कुठून निघते, चावीची खूण कशी काढली, पेन्सिल का शाई, आजारपणानंतरचा हाताचा कंप. कागद सांगतो ‘याच्या आधी नाही’, अक्षर सांगतं ‘साधारण या वर्षांत’. दोन्ही साक्षी जुळल्या की तारीख उभी राहते, आणि ती कुणाच्या आठवणीवर अवलंबून राहत नाही.

निकाल काय लागला? काही रचना आइव्ज म्हणतो त्याच काळातल्या निघाल्या. 67व्या स्तोत्राची त्याची रचना, जिच्यात बायकांचे आवाज एका पट्टीत आणि पुरुषांचे दुसऱ्याच पट्टीत गातात, ती खरोखरच 1890च्या दशकाच्या अखेरची आहे. म्हणजे अगदी तरुणपणी तो हे प्रयोग करत होता, यात शंका उरली नाही. काही मोठ्या रचना मात्र पुढे सरकल्या. दुसरी सिंफनी 1902च्या आसपास संपली असं तो सांगे, ती त्यानंतरही बरीच वर्षं चालू होती. तिसरीचं साल तो 1904 सांगे. आज ती 1908 ते 1911च्या दरम्यानची मानतात. ‘कॉन्कॉर्ड सोनाटा’ मुख्यतः 1916 ते 1919मधली ठरली, जुनी टिपणं धरून. आणि या सगळ्यातून दिसलं ते असं, की आइव्ज एखाद्या रचनेची तारीख पुष्कळदा ती पहिल्यांदा सुचली तेव्हाची सांगतो. लबाडीचा पद्धतशीर कट पुराव्यात सापडत नाही. अभिमानी, दुखावलेला, वीस वर्षं कुणी ढुंकूनही न पाहिलेला एक माणूस दिसतो, जो आपल्या पहिल्या सुचण्याला घट्ट धरून बसला होता. जेम्स सिंक्लेअर यांची 1999ची सविस्तर सूची या नव्या तारखा जमेस धरूनच सिद्ध झाली.

या वादातून काय मिळालं, याचं माझं उत्तर या पुस्तकाच्या प्रत्येक प्रकरणात वेगवेगळ्या अंगानं येतं. ‘सर्वांत आधी कोण’ हा प्रश्न इतकी वर्षं आइव्जच्या संगीताच्या आणि आपल्या कानांच्या मध्ये उभा होता. तो बाजूला झाल्यावर एकेका रचनेत साचलेले काळाचे थर दिसू लागले. तिशीतल्या माणसानं लिहिलेलं वाक्य साठीतल्या माणसानं पुन्हा वाचलं, एक शब्द बदलला, आणि दोन्ही वयं त्या पानावर राहिली. हे ज्याला ऐकू आलं त्याला ‘1906 की 1916’ हा प्रश्न सोडवायचा असतो तो शर्यतीचा निकाल लावण्यासाठी नव्हे. कोणता आइव्ज बोलतो आहे ते त्याला ओळखायचं असतं.

‘द अनॲन्सर्ड क्वेश्चन’ ही सहाएक मिनिटांची रचना घ्या. तंतुवाद्यं अगदी हळू, अगदी शांत, सगळा वेळ एकसंध मेळ धरून असतात, जवळजवळ श्वासासारखी. त्यावर ट्रंपेट एक छोटं, अडखळतं वाक्य वाजवतं. तो प्रश्न. बासऱ्यांचा गट त्याला उत्तर देऊ बघतो. ट्रंपेट पुन्हा तेच विचारतं. दर वेळी बासऱ्या जास्त घाईत, जास्त चिडून बोलतात, आणि शेवटी प्रश्न सातव्यांदा येतो तेव्हा उत्तर देणारं कुणी नसतं. तंतुवाद्यं तेवढी चालू असतात. रचना 1908ची. पण आज आपण बहुतेक वेळा ऐकतो तो पाठ आइव्जनं 1930 ते 1935च्या दरम्यान हात फिरवलेला आहे. जुन्या पाठात ट्रंपेटचं वाक्य ज्या सुरावरून निघतं त्याच सुरावर परत येऊन थांबतं. नव्या पाठात ते तिथे परतत नाही. शेवटचा सूर दर वेळी बदलत राहतो, कधी एक, कधी त्याच्या शेजारचा. बदल एवढाच. एका सुराचा. पण जुन्या पाठातला प्रश्न विचारून झाल्यावर मिटतो, नव्या पाठातला उघडाच राहतो. दोन्ही पाठ पाठोपाठ ऐकले तर तरुण आइव्जपेक्षा म्हातारा आइव्ज किती कमी सुरांत किती पुढे गेला ते कळतं. बासऱ्यांचं बोलणंही नव्या पाठात अधिक कडवट आहे. कार्टर यांनी पाहिलेलं ‘साधं ते विसंवादी करणं’ हेच असेल, तर त्याला फसवणूक म्हणणारा माणूस संगीत ऐकत नाही, असं मला स्पष्ट म्हणायचं आहे.

‘कॉन्कॉर्ड सोनाटा’चं तर याहून पुढचं आहे. एमर्सन, हॉथॉर्न, आल्कॉट मंडळी आणि थोरो अशी चार भागांची ही पियानोची रचना. बेटहोफनच्या पाचव्या सिंफनीतले ते जगप्रसिद्ध चार सूर सगळीकडून पाझरत राहतात. ‘हॉथॉर्न’ भागात काळ्या पट्ट्यांवर पावणेपंधरा इंच लांबीची फळी ठेवून हलकेच दाबायची सूचना आहे, आणि तिचा आवाज धुक्यासारखा तरळतो. 1920ची छापील प्रत हातात असूनही आइव्ज ती दुरुस्त करत राहिला. सुधारलेली आवृत्ती 1947मध्ये निघाली. 1933 ते 1943च्या दरम्यान त्यानं स्वतः पियानोवर वाजवून काही ध्वनिमुद्रणं करून घेतली होती, ती आज ऐकता येतात. त्यातला ‘एमर्सन’ कोणत्याच छापील पानाशी पूर्ण जुळत नाही. हा भाग पूर्ण करावा असं आपल्याला वाटतच नाही, अशा अर्थाचं तो म्हणत असे. मग संपादकानं कोणता पाठ प्रमाण मानायचा? 1973मध्ये स्थापन झालेल्या चार्ल्स आइव्ज सोसायटीच्या संपादकांपुढे हा पेच दर रचनेला येतो, आणि त्यांनी काढलेल्या वाटा वेगवेगळ्या आहेत. त्यावर या पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण आहे.

थोरोमुळे मराठी वाचकाला इथे एक ओळखीची खिडकी आहे. दुर्गा भागवतांनी ‘वॉल्डन’ मराठीत आणलं आणि थोरो आपल्याकडे केवळ गांधीजींना सत्याग्रहाची भाषा पुरवणारा लेखक राहिला नाही. तळ्याकाठी बसून ऐकणारा माणूस म्हणून तो आपल्याला भेटला. आइव्जचा थोरोही तोच आहे. सोनाट्याच्या शेवटच्या भागात लयीचे ठोके जवळजवळ नाहीत. डाव्या हातात तीन सुरांची एक चाल फिरत राहते, आणि अखेरीस, हवी असल्यास, खरी बासरी काही क्षण येते. थोरो बासरी वाजवत असे म्हणून. दुर्गाबाईंचा अनुवाद वाचलेल्या माणसानं हा भाग डोळे मिटून ऐकावा. पाश्चात्त्य संगीताचा सराव नसला तरी अडणार नाही.

उसन्या चालींविषयीचं संशोधन हा या विषयाचा दुसरा मोठा प्रांत. आइव्जच्या संगीतात दुसऱ्यांच्या चाली इतक्या आहेत की जुने समीक्षक त्याला ठिगळं म्हणत. बर्कहोल्डर यांनी 1995च्या ग्रंथात अशा उसनवारीच्या चौदा तऱ्हा वेगळ्या केल्या. त्यातली एक मला सर्वांत मोलाची वाटते: चालीचे तुकडे आधी येतात, तिचे प्रतिध्वनी, तिची साथ, तिची वळणं येतात, आणि पूर्ण चाल अगदी शेवटी, पहिल्यांदाच सबंध ऐकू येते. तिसऱ्या सिंफनीचे पहिला आणि शेवटचा हे दोन्ही भाग असे बांधलेले आहेत. सोनाटाच्या युरोपीय शिस्तीत विषय आधी मांडून मग त्याचा विस्तार करतात. आइव्जनं तो क्रम उलटा केला. लहानपणी चर्चमध्ये ऐकलेलं स्तोत्र म्हातारपणी आठवावं तेव्हा ते असंच येतं. आधी एखादी ओळ, मग एखादा आवाज, मग सबंध. या एका निरीक्षणानं ‘ठिगळं’ हा शब्द निकालात निघाला.

बर्कहोल्डर यांनी आणि इतरांनी दुसरंही एक मोठं काम केलं: पार्करना त्यांची जागा परत दिली. आइव्जनं 1930च्या दशकात सांगितलेल्या आठवणी कर्कपॅट्रिक यांनी 1972मध्ये संपादित करून छापल्या. त्यांत सगळं श्रेय वडिलांना आहे आणि येलचे प्राध्यापक कोते दिसतात. पण सिंफनी नावाची गोष्ट कशी उभी करतात, मोठा पल्ला कसा बांधतात, हे डॅनबरीच्या बँडमध्ये शिकता येणारं नव्हतं. ते पार्करनी शिकवलं. वडील विशीत गेलेल्या मुलानं वडिलांना मोठं करत नेलं, यात मला काही वावगं दिसत नाही. मनोविश्लेषक स्टुअर्ट फेडर यांनी 1992मध्ये या पितृशोकावर सबंध ग्रंथ लिहिला. त्यातली काही अनुमानं मला ताणलेली वाटतात, पण शोक खरा आहे.

आइव्जच्या स्वभावातली कडवट बाजू संशोधकांनी लपवली नाही, तशी मीही लपवणार नाही. नाजूक संगीताला, न आवडणाऱ्या वादकांना, श्रोत्यांना तो ‘बायकी’ म्हणून हिणवी, आणि हे त्याच्या कागदांत जागोजागी आहे. फ्रँक रॉसिटर आणि नंतर जुडिथ टिक यांनी त्यामागचा समाज उलगडून दाखवला. संगीत हे पुरुषाचं काम नव्हे असं मानणाऱ्या गावातून तो आला होता. कारण समजलं म्हणून भाषा क्षम्य होत नाही. कॉवेल यांच्या बाबतीत तर तो निष्ठुर वागला. ज्यानं त्याचं संगीत छापलं, जगापुढे नेलं, त्या कॉवेलना 1936मध्ये लैंगिक वर्तनाच्या आरोपाखाली अटक झाली आणि सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात चार वर्षं काढावी लागली. आइव्जनं त्या काळात संबंध तोडले. कॉवेल सुटल्यावर, त्यांचं सिडनी रॉबर्टसन यांच्याशी लग्न झाल्यावर मैत्री पुन्हा जुळली. पुढे त्याच नवरा-बायकोनं आइव्जचं पहिलं चरित्र लिहिलं, आणि ते प्रेमानं लिहिलं. कॉवेल यांच्या मनाचा मोठेपणा हा या सगळ्या हकिगतीतला मला सर्वांत भावलेला भाग आहे.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडं. प्रकरणं संशोधनाच्या कालक्रमानं लावली आहेत. त्यामुळे वाचकाला आधी कॉवेल यांचा आइव्ज भेटेल, मग कर्कपॅट्रिक यांचा, मग सॉलोमन यांचा, मग शेरवूड यांचा. मुद्दामच तसं केलं आहे. आधीच्या पिढीला जे माहीत नव्हतं ते तिच्या तोंडी घातलेलं नाही. स्वरलिपीची उदाहरणं कमी ठेवली आहेत, आणि जिथे आहेत तिथे काय ऐकायचं ते शब्दांत सांगितलं आहे. ज्यांनी हे संगीत कधीच ऐकलेलं नाही त्यांनी ‘थ्री प्लेसेस’मधल्या ‘द हूसॅटॉनिक ॲट स्टॉकब्रिज’ या तिसऱ्या भागापासून सुरुवात करावी. 1908च्या जूनमध्ये, लग्नानंतर, आइव्ज आणि हार्मनी नदीकाठी फिरायला गेले होते. पाण्यावर धुकं होतं आणि पलीकडच्या चर्चमधून गाणं ऐकू येत होतं. तंतुवाद्यांचं धुकं आणि त्यातून येणारी स्तोत्राची चाल, दोन्ही स्वतःच्या गतीनं चालतात, एकमेकांना सांभाळून घेत नाहीत. आइव्जच्या सगळ्या अवघड संगीताची किल्ली इथे सोपी होऊन मिळते.

शेवटचं प्रकरण ‘युनिव्हर्स सिंफनी’वर आहे. ही त्यानं पूर्ण केलीच नाही. 1910च्या दशकात सुरू केलेली, पुढे अनेक वर्षं उराशी बाळगलेली, कच्च्या टिपणांत राहिलेली रचना. अनेक वाद्यवृंद, तालवाद्यांचा प्रचंड ताफा, पृथ्वी आणि आकाश यांचे वेगवेगळे थर. आपल्याला जमलं नाही तर दुसऱ्या कुणीतरी यावर काम करावं, असं तो लिहून गेला. लॅरी ऑस्टिन यांनी वीस वर्षं खपून केलेली मांडणी 1994मध्ये सिनसिनाटीला वाजली. जॉनी राइनहार्ड यांची 1996मध्ये न्यू यॉर्कला. दोन्ही त्याच कागदांवरून केलेल्या, आणि तरी दोन्ही एकमेकींपासून फार वेगळ्या. कोणती खरी, हे मी ठरवलेलं नाही. दोन्हींच्या मागे कोणती पानं आहेत, कुठे संपादकानं स्वतःची भर घातली, आणि कुठे आइव्जची पेन्सिल थांबलेली आहे, एवढं त्या प्रकरणात पानवार मांडलं आहे.